शून्य, तीन, पाच, सहा, नऊ

सिव्हिलच्या सर्व्हे कॅम्पबद्दल बाकीच्या ब्रँचवाल्यांच्या कल्पना फार रम्य असतात. त्यात आमचा कॅम्प अलिबागला, म्हणजे विचारायलाच नको. "मजा आहे बाबा तुमची, पिकनिकच!" मित्रहो, पहाटे साडेपाचला ट्रायपॉड खांद्यावर घेऊन वाळूतून चालून बघा, मग बोलू.

काम होतं किनारा आणि तिथून कुलाबा किल्ल्यापर्यंतच्या पट्ट्याचा कंटूर नकाशा करण्याचं. हा पट्टा ओहोटीलाच उघडा पडतो. अमावास्येनंतरची मोठी ओहोटी सकाळी गाठायची, टोटल स्टेशन किनाऱ्यावर लावायचं आणि दोघांनी प्रिझम घेऊन पाण्याच्या कडेकडेने धावायचं. दोन सकाळींत ४१२ पॉइंट झाले. सगळे यंत्राच्या मेमरीत. सरांच्या नियमाप्रमाणे फील्डबुकात फक्त प्रत्येक दहावा. आणि उद्या सकाळी यंत्र दुसऱ्या बॅचकडे जाणार होतं. ते लोक पहिलं काम करणार मेमरी रिकामी करण्याचं. पुन्हा तशी ओहोटी पंधरा दिवसांनी, आणि तेव्हा आमच्या सबमिशन्स!

आता आमच्या या यंत्राला यूएसबी वगैरे लाड नाहीत. त्याला आहे आरएस-२३२ सिरीअल पोर्ट. हे स्टँडर्ड १९६० सालचं, म्हणजे आपल्या महाराष्ट्र राज्याच्या वयाचं. लॅपटॉपला नऊ पिनांचा पोर्ट नाही, म्हणून मध्ये कन्व्हर्टर. रात्री नऊ वाजता जोडणी केली, बटण दाबलं, आणि काहीही नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कन्व्हर्टर कॉम ११ वर जाऊन बसलेला. जुन्या सॉफ्टवेअरची यादी कॉम ८ लाच संपते. तो कॉम ३ वर आणला. तरी शांतता.

शेवटी हॉस्टेलवर माझ्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्या रूमपार्टनरला फोन लावला. पहिली पाच मिनिटं सिव्हिलवाल्यांचा यथेच्छ उद्धार झाला. मग म्हणाला, "केबल काढ. कन्व्हर्टरच्या २ आणि ३ नंबरच्या पिना तारेने जोड. पुटी उघड आणि काहीतरी टाइप कर." तीन नंबरची पिन पाठवते, दोन नंबरची घेते. दोन्ही जोडल्या की आपण पाठवलेलं आपल्याकडेच परत येतं. मी 'अ'साठी ए दाबला, स्क्रीनवर ए उमटला. आपणच लिहायचं आणि आपणच वाचायचं. प्रेमपत्रांच्या बाबतीत आमच्या ग्रुपला हा अनुभव होताच. पण याचा अर्थ लॅपटॉप आणि कन्व्हर्टर ठणठणीत. दुखणं पुढे, केबलमध्ये किंवा यंत्रात.

केबलचा यंत्राकडचा गोल प्लग टॉर्चखाली धरला. पिनांवर मिठाचा थर आणि वाळूचे कण. दोन दिवसांच्या खाऱ्या वाऱ्याची मेहेरबानी. स्पिरिट आणि एका मित्राचा टूथब्रश (त्याला अजून सांगितलेलं नाही) यांनी तो साफ केला, सुकू दिला. पुन्हा बटण दाबलं आणि स्क्रीनवर धो धो कचरा!

कचरा बघून एवढा आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता. निदान काहीतरी येत होतं. बॉड रेट दोन्हीकडे ९६००, मग भानगड काय? आमच्यातली एकजण फील्डबुक घेऊन स्क्रीनशी ताडून बघत होती. ती हळूच म्हणाली, "शून्य, तीन, पाच, सहा, नऊ बरोबर येतायत. बाकीचे अंक बिघडलेत." खरंच! एकाच्या जागी दर वेळी अधिक-उणेचं चिन्ह.

फोनवरचा प्राणी हे ऐकून ओरडलाच, "पॅरिटी!" तीन हा अंक ०११००११ असा जातो. त्यात चार एक, म्हणजे सम. एक जातो ०११०००१ असा. त्यात तीन एक, विषम. म्हणून यंत्र आठवा बिट एक करून ती संख्या सम करतं. वाटेत गडबड झाली तर कळावी म्हणून ही सोय. आमचा लॅपटॉप मात्र आठव्या बिटलाही अंकाचाच भाग समजत होता. ज्या अंकांत मुळातच सम एक, तेवढे वाचले. यंत्राच्या मेनूत दुसऱ्या पानावर बारीक अक्षरांत ते लिहिलेलंच होतं: सात बिट, इव्हन. लॅपटॉपला तसं सांगितलं आणि ओळीमागून ओळी सरळ येऊ लागल्या.

रात्रीचा एक वाजला होता, पण सरांनी झोपू दिलं नाही. फील्डबुकातले ४१ पॉइंट फाइलशी जुळवायला लावले. वर गोष्ट ऐकवली. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांचा उपद्रव होणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला आणली. इथली इमारत लोखंड न वापरता बांधली. तरी नानाभॉय मूस यांनी लगेच कुलाब्याचं काम थांबवलं नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, ताडून पाहिल्या. "आणि तुम्हाला ४१ आकडे जड होतायत?" यावर काय बोलणार!

४१ च्या ४१ जुळले. सकाळी यंत्र गेलं. रूमपार्टनरने कन्सल्टेशन फी म्हणून अलिबागच्या पांढऱ्या कांद्याची माळ मागितली होती. ती सध्या आमच्या रूमच्या खिडकीला टांगलेली आहे, आणि वास विंगभर पसरल्याची तक्रार रेक्टरांकडे गेली आहे.