दोन मिलिमीटरचा हट्ट

स्वतःच्या डिझाइनचा चाकू बनवून घ्यायचं ठरवलं आणि आमच्या ट्रेक ग्रुपमधला प्रत्येक जण एक्स्पर्ट झाला! ‘न दुमडणाराच घे. पोलाद मुठीच्या टोकापर्यंत अखंड हवं.’ पटलं. ‘पातं पाच इंच, चार मिलिमीटर जाड. लाकूड फोडता येईल.’ तेही कागदावर उतरवलं. मग आठवलं, आजवर गडांवर मी कापलंय काय? काकडी, कांदा, दोरी. जाड पातं काकडी कापत नाही, पाचरीसारखं फोडतं. खरं सांगू? मोठा चाकू मला लागणार नव्हता, नुसता मिरवायचा होता. कागद फाडला. तीन इंच, दोन मिलिमीटर. कार्बन स्टील, त्यामुळे पुसून ठेवावा लागतो. परवा राजगडावर सगळ्यांची काकडी त्यानंच चिरली. चार मिलिमीटरवाला हळूच म्हणाला, ‘ड्रॉइंग मेल कर ना, यार!’