पबमधला प्रलय

मंगळावरची बाई पृथ्वीवरचे धडधाकट पुरुष न्यायला निघते आणि उतरते कुठे, तर स्कॉटलंडच्या उजाड माळावर, एका आडवळणाच्या पबच्या दारात. निघालेली असते लंडनला, पण वाटेत यान बिघडतं. १९५४ चा हा ‘डेव्हिल गर्ल फ्रॉम मार्स’. काळ्या चकचकीत झग्यातली नाया खोलीत येते, सगळ्यांना तुच्छतेने न्याहाळते, धमकी देते आणि जाते. थोड्या वेळाने परत येते, पुन्हा धमकी देते. मधल्या वेळात पबमधली मंडळी आपापल्या भानगडी निस्तरत असतात. एक तुरुंगातून पळालेला कैदी, त्याच्यावर जीव टाकणारी बारमधली मुलगी, प्रेमप्रकरणाला कंटाळून लंडन सोडून आलेली एक मॉडेल. जग बुडायची वेळ आली तरी कुणाचा जुना हिशेब चुकत नाही.

याला हसणं सोपं आहे, आणि हसावंच. बारा वर्षांच्या ऑक्टेव्हिया बटलरने अमेरिकेत हाच सिनेमा टीव्हीवर पाहिला आणि यापेक्षा बरी गोष्ट मी लिहीन म्हणत लिहायलाच बसली. पुढे ती मोठी विज्ञानकथालेखिका झाली. वाईट सिनेमाच्या पदरी एवढं पुण्य क्वचितच पडतं.

पण पबच का? कारण ब्रिटनमधल्या असल्या सिनेमांचा खिसा रिकामा. एक दालन, एक जिना, बाहेर थोडं धुकं, आणि अमेरिकेत खपावा म्हणून तिकडचा एखादा उतरत्या काळातला नट. पहिल्या दहा मिनिटांत फोन बंद पडलाच पाहिजे, कारण फोन बंद पडला की लष्कर दाखवायचा खर्च वाचतो. गंमत अशी की या कंजुषीनेच गोष्ट मूळ गावी राहिली. एच. जी. वेल्सच्या कादंबरीतले मंगळवासी १८९८ मध्ये सरे परगण्यात, वोकिंगजवळच्या माळावर पडले होते. हॉलिवूडने १९५३ मध्ये त्यांना उचलून कॅलिफोर्नियात नेलं, भरपूर आतषबाजी केली आणि ऑस्करही मिळवलं. इकडे टेरेन्स फिशरने १९६४ मध्ये ‘द अर्थ डाइज स्क्रीमिंग’ काढला तो त्याच सरेतल्या शेअर नावाच्या खेड्यात. जेमतेम बासष्ट मिनिटांचा सिनेमा. सुरुवातीला रुळावरून गाडी घसरते, मोटार भिंतीवर आदळते, माणसं उभ्याउभ्या कोसळतात आणि बराच वेळ कुणी चकार शब्द बोलत नाही. मग निर्मनुष्य रस्त्यावरून दोन यंत्रमानव संथ चालत येतात. नावात किंकाळी असलेल्या सिनेमात मला भीती वाटली ती या शांततेची.

राक्षस दाखवायची पाळी आली की मात्र पंचाईत. ‘द ट्रोलेनबर्ग टेरर’मध्ये डोंगरावर एक मारेकरी ढग बसलेला असतो. तो गणपतीच्या आराशीतल्या हिमालयासारखा दिसतो, आणि तसाच केलेला आहे: डोंगराचा फोटो, त्यावर कापूस. पण या कलेचे खरे उस्ताद लेखक नायजेल नील. १९५३ साली बीबीसीवर त्यांची ‘द क्वाटरमास एक्सपेरिमेंट’ ही मालिका थेट प्रक्षेपित होत होती. शेवटच्या भागात वेस्टमिन्स्टर ॲबेत अवाढव्य प्राणी दाखवायचा, आणि पैसे नाहीत. मग ॲबेच्या आतल्या भागाचा मोठा फोटो घेतला, त्याला भोकं पाडली आणि हातमोज्यांवर पालापाचोळा चिकटवून नीलनी स्वतःचेच हात त्यातून बाहेर काढून हलवले. दोन वर्षांनी हॅमर या ब्रिटिश चित्रसंस्थेने त्याचा सिनेमा केला तेव्हा राक्षसाची बढती झाली: हातमोज्यांच्या जागी वजडी आली, खाटकाकडची.

त्या काळच्या ब्रिटिश प्रेक्षकांना हे खोटं वाटलं नसावं. १९४४-४५ मध्ये जर्मनांची व्ही-२ रॉकेटं आवाजाच्या आधी येऊन लंडनवर आदळत होती. मांसावरचं रेशनिंग उठलं ते १९५४ च्या जुलैत, म्हणजे नाया उतरली त्याच वर्षी. ‘क्वाटरमास अँड द पिट’मध्ये भुयारी रेल्वेच्या खोदकामात जे परग्रहावरचं यान सापडतं, ते आधी सगळ्यांना न फुटलेला जर्मन बॉम्बच वाटतं. आभाळातून काय पडतं आणि मग शेजारीपाजारी कसे वागतात, याचा अनुभव गाठीशी होता. ‘क्वाटरमास २’ (१९५७) तर मला आजही अंगावर येतो. एसेक्समधल्या शेल हेवनच्या खऱ्या तेलशुद्धीकरण कारखान्यात त्याचं चित्रण झालं. त्या टाक्या आणि नळांच्या जंजाळात म्हणे सरकारी गुप्त प्रकल्प, कृत्रिम अन्न बनतंय. शेजारच्या वसाहतीतले कामगार पगार घेतात आणि गप्प बसतात. परग्रहवासी मंत्रालयात कधीच पोचलेले असतात.

पण सगळ्यांत कमी खर्चात सगळ्यांत खोल जातो तो जॉन क्रिशचा ‘अनअर्थली स्ट्रेंजर’ (१९६३). यान नाही, यंत्रमानव नाही, वजडीसुद्धा नाही. अंतराळ-संशोधनातले शास्त्रज्ञ एकामागून एक मरताहेत, आणि त्यांतल्या एकाचं नुकतंच लग्न झालंय. बायको गोड, शांत. झोपते मात्र उघड्या डोळ्यांनी. पाहुणा जेवायला येतो. ती ओव्हनमधून तापलेलं भांडं नुसत्या हातांनी बाहेर काढते आणि शांतपणे खाली ठेवते. फडकं नाही, चटका नाही. पाहुणा बघत राहतो, आपणही. मग ती एका शाळेच्या अंगणाशी जाते. तिला मुलं आवडतात. खेळणारी पोरं थांबतात, तिच्याकडे पाहतात आणि एकेक पाऊल मागे सरकू लागतात. ती रडते तेव्हा अश्रूंनी गाल भाजतात. नवऱ्यावर तिचा जीव जडलाय, हीच तिची अडचण. परग्रहवासीयाची दया यावी, असं कोट्यवधींच्या सिनेमांत माझ्या बाबतीत फार थोड्या वेळा घडलंय. इथे ते भांडं आणि चार पोरं यांच्या जोरावर घडतं.

सगळेच काही असे नाहीत. १९६७ च्या ‘नाइट ऑफ द बिग हीट’मध्ये क्रिस्टोफर ली आणि पीटर कुशिंग दोघेही आहेत, भर हिवाळ्यात बेटावर पेटलेला उन्हाळा आहे, पबमधल्या बाटल्या फुटताहेत. सारं झकास चाललेलं असतं, आणि शेवटी दिग्दर्शक चमकणारे गोळे दाखवून मोकळा होतो. पैसे नव्हते तर दाखवायचेच नव्हते.

बघायचेच असतील तर सुरुवात ‘अनअर्थली स्ट्रेंजर’पासून करा, पाठोपाठ ‘क्वाटरमास २’. ‘ट्रोलेनबर्ग’ मात्र एकट्याने बघू नका; त्या कापसाला हसायला सोबत कुणीतरी हवं.