काय लिहू, सांग की

उन्हाळ्याच्या तोंडाला संकेश्वरात आधी ठसका येतो, ऊन मागनं येतं. साखर कारखान्याचा हंगाम सरत आलेला असतो, मळीचा वास विरळ झालेला असतो आणि त्याच्या जागी दारोदारी वाळत घातलेल्या मिरचीचा खाट येऊन बसतो. आमची मिरची लांब, सडसडीत, वाळली की गडद लाल. गडहिंग्लजच्या बाजारात तिला जवारी म्हणतात. चटणी करणाऱ्या बायकांचं गणित ठरलेलं आहे: रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी. ब्याडगी ताटात पडल्या पडल्या आपली ओळख सांगते. आमची मात्र दोन घास पोटात जाईपर्यंत गप्प असते, मग पाणी मागायची वेळ आणते.

कांडपाला द्यायच्या आधी देठं खुडायला लागतात. आमच्या घरी हे काम सोप्यात चालायचं, दोन घरांचं मिळून. शेजारचं घर कन्नड. त्या घरातली आई आणि माझी आई एकच पोतं घेत, अर्धं अर्धं करत आणि आम्हा पोरांना कामाला लावत. या कामाचं पथ्य एकच, डोळ्याला हात लावायचा नाही. काम संपलं की बोटं पेटलेली असायची, मग गोडेतेल चोळायचं आणि हात पसरून पंख्याखाली बसायचं.

माझी शेजारीण त्या घरातली मुलगी. घरी कन्नड बोलायची, आमच्याशी मराठी. "मी येतो", "मी करतो" असंच बोलायची. पुण्याकडच्या पाहुण्यांना याचं हसू यायचं, पण आमच्याकडं मराठी घरातल्या बायकाही असंच बोलतात, त्यात तिचं कन्नड आड आलेलं नव्हतं. माझं नेमकं उलटं. कन्नड बोलायला यायचं, तेही बाजारापुरतं. लिहिता-वाचता शून्य. आम्ही मराठी शाळेतली पोरं त्या गोल गोल अक्षरांना जिलबी म्हणायचो आणि यात आपण फार मोठा विनोद केला असं समजायचो.

बारावीच्या वर्षी मला एका मुलीला चिठ्ठी द्यायची होती. मुलगी दोन गल्ल्या सोडून राहणारी, कन्नड शाळेतली. मराठीत लिहून उपयोग नव्हता. मिरचीच्या ढिगाऱ्यापाशी बसूनच मी शेजारणीला म्हणालो, "कन्नडमध्ये एक चिठ्ठी लिहून दे."

"कुणाला?"

सांगितलं. तिनं आणखी चार-पाच मिरच्यांची देठं खुडली. मग म्हणाली, "काय लिहू, सांग की."

"तुला सुचंल ते. तुमच्यात कसं लिहितात तसं."

"आमच्यात काय वेगळं लिहितात?"

पण उठली. हात धुतले, बोटांना तेल चोळलं आणि वहीचं मधलं पान मांडीवर घेऊन लिहायला बसली. मान वर केली नाही, कुठं खाडाखोड केली नाही. पाऊण पान भरलं. कागदाच्या खालच्या कोपऱ्यात तिच्या अंगठ्याचा तेलकट डाग उमटला होता, तिथं कागद आरपार दिसत होता. मी विचारलं, काय लिहिलंयस? "तुला काय करायचंय? तिला कळलं म्हंजे झालं."

चिठ्ठी पोचली. उत्तर आलं नाही. ती मुलगी नंतर महिनाभर मला पाहिलं की रस्त्याची दुसरी बाजू धरायची. पुढं तिचं लग्न झालं, माझं झालं, शेजारणीचंही झालं आणि ती धारवाडला गेली. मी ही गोष्ट गमतीनं सांगत आलो आहे. गोष्टीतला बावळट मीच, त्यामुळं सगळे हसतात.

ती गोष्ट परत वर आली एका तमिळ सिनेमामुळं. माझी मुलगी बंगळुरूला शिकते, सुट्टीला आली की घरच्या टीव्हीचा ताबा घेते. तिनं लावलेला सिनेमा 'तिरुचित्रंबलम', 2022 सालचा. एवढं लांबलचक नाव ऐकून मी पौराणिक काहीतरी असेल म्हणून सरसावून बसलो. नाव खरंच देवाचं आहे. चिदंबरमच्या शिवाचा तो घोष, तेवारमची पदं म्हणण्याआधी आणि म्हणून झाल्यावर भक्त तो उच्चारतात. शंकरलिंगाच्या संकेश्वरात राहणाऱ्याला हे परकं वाटायचं कारण नाही. सिनेमात मात्र हे नाव आहे घरोघरी जेवणाची पाकिटं पोचवणाऱ्या एका पोराचं. ते आजोबांचं नाव नातवाला ठेवलेलं. आजोबा भारतीराजा, नातू धनुष. सगळे त्याला पळम म्हणतात, म्हणजे फळ. घरात बापही आहे, पोलिसातला, प्रकाश राज. आई आणि बहीण एका अपघातात गेल्या, त्याचा दोष मुलगा बापाला देतो आणि एकाच छपराखाली दोघे एकमेकांशी बोलत नाहीत.

खालच्या मजल्यावर शोभना राहते. नित्या मेनननं केली आहे. लहानपणापासूनची मैत्रीण. पळमचं शाळेतल्या एका मुलीवर मन बसतं, शोभना त्याला हिंमत देते. तिथं नकार येतो. मग गावाकडं लग्नात भेटलेल्या दुसऱ्याच मुलीवर बसतं, शोभना तेव्हाही बरोबरच असते. तिथंही नकार. शोभनाच्या मनात काय आहे हे घरात फक्त म्हाताऱ्या आजोबाला कळलेलं असतं.

नित्या मेननला या भूमिकेसाठी उत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, 2024 साली जाहीर झाला, गुजराती सिनेमातल्या मानसी पारेखबरोबर विभागून. तेव्हा पुष्कळांनी नाकं मुरडली म्हणे: एवढ्या हलक्याफुलक्या भूमिकेला एवढा मोठा पुरस्कार? मला तो योग्य वाटतो. रडून दुःख दाखवणं सोपं. इथं बाईनं सिनेमाभर मित्राची टिंगल करायची, त्याच्या डोक्यात टपली मारायची, दुसऱ्या मुलीसाठी त्याला तयार करायचं, आणि यातलं एकही काम करताना प्रेक्षकाकडं "बघा हं, मला किती त्रास होतोय" असं बघायचं नाही.

अर्ध्यात मी पाणी प्यायला उठलो. तहान नव्हती.

असे सिनेमे बघताना आपण नेहमी न बोलणाऱ्याच्या जागी जाऊन बसतो. प्रत्येकाला वाटतं, आपणच तो मुका. 2006 च्या अखेरीला आलेला कन्नड 'मुंगारु मळे' बघून आमच्याकडची निम्मी पोरं त्यातला नट गणेश झाली होती, देवदास नावाच्या सशाला मनातलं सांगणारी. 'ती सध्या काय करते' आला 2017 ला, तेव्हा माझ्या वयाचे सगळे हळवे झाले. त्या नावातसुद्धा प्रश्न विचारणारा 'तो' आहे, 'ती'नं फक्त कुठंतरी असायचं. मीही आजवर याच बाकावर बसत आलो. त्या दिवशी पहिल्यांदा बाक बदलला. आपण मुके नव्हतो, आपण पळम होतो, असं वाटलं आणि ते सुखाचं नव्हतं.

पुढच्याच क्षणी स्वतःची लाजही वाटली. पन्नाशीच्या माणसानं एका सिनेमावरनं ठरवायचं की तीसेक वर्षांपूर्वी शेजारच्या मुलीचं आपल्यावर मन होतं! पुरावा काय? पाच मिरच्या खुडेपर्यंतची शांतता आणि तेलाचा एक डाग. कदाचित ती फक्त मजकूर जुळवत असेल. कदाचित ही बिनकामाची पीडा कधी उठते याची वाट बघत असेल. बाईनं माया दाखवली की तिला प्रेमाचं लेबल लावायची पुरुषांची खोड जुनी आहे आणि सिनेमानं ती वाढवली आहे. नायकानं मागं लागायचं, तिनं झिडकारायचं, त्यानं आणखी मागं लागायचं, हे तमिळमध्ये काय आणि हिंदी-मराठीत काय, पिढ्यान्‌पिढ्या चाललं आहे.

त्याचा परिणाम आपल्या भाषेवरही झाला. मराठीत 'एकतर्फी प्रेम' हे शब्द आता कुठं वाचायला मिळतात? गुन्ह्यांच्या पानावर. 'एकतर्फी प्रेमातून' एवढं वाचलं की पुढचा शब्द हल्ला असणार हे पोटात कळतं. गप्प राहून, कुणाचा रस्ता न अडवता जन्मभर माया करत राहिलेल्या माणसासाठी मराठीत वेगळा शब्द उरलेला नाही. त्याला तेच दोन शब्द वापरायचे, चाकू चालवणाऱ्याचे.

तमिळमध्ये मात्र यासाठी फार जुना शब्द आहे: कैक्किळै. 'तोल्काप्पियम' या प्राचीन व्याकरणग्रंथात प्रेमाचे सात प्रकार सांगितले आहेत, त्यांतला एका टोकाचा हा, एका बाजूचं प्रेम. दुसऱ्या टोकाला विजोड प्रेम. मधली पाच खरी प्रेमं, आणि कवींनी त्या प्रत्येकाला भूमी वाटून दिली. मीलन डोंगरात, वाट बघणं रानात, रुसवा भाताच्या शेतात, झुरणं समुद्रकाठी, ताटातूट रखरखीत माळावर. ही सोय मला इतकी आवडली की मी कितीतरी वेळ सीमाभागाचा नकाशा मनात घेऊन वाटप करत बसलो. मीलन आंबोलीला, जिथं हिरण्यकेशी उगम पावते. रुसवा गडहिंग्लजच्या उसात, कारण तिथं दडायला जागा आहे.

कैक्किळैला मात्र त्या कवींनी भूमी दिलीच नाही. विजोड प्रेमालाही नाही. हे दोन प्रकार कमी प्रतीचे, त्यांना डोंगर नाही, फूल नाही, दिवसाची वेळ नाही.

वाचून मी थोडा चिडलोच. जमीन कुणाची हा प्रश्न आमच्याकडं फार दुखरा आहे. 1956 साली राज्यं आखली गेली तेव्हापासून 1 नोव्हेंबरला सीमाभागात कुणी राज्योत्सव करतो, कुणी काळा दिन पाळतो. इकडं आमचं तुमच्यावर प्रेम आहे म्हणून महाराष्ट्राकडं बघत बसायचं आणि तिकडच्यांनी निवडणुकीपुरतं ओळखायचं, असली एकतर्फी माया आमच्या कित्येक म्हाताऱ्यांनी केली. तेव्हा तमिळ कवींना भूमी कमी पडली असेल तर आमच्या हुक्केरी तालुक्यात यावं. असो. राजकारणाचा विषय निघाला की आमच्या गल्लीत चहा गार होतो.

जमिनीवरनंच आठवलं. कन्नड वाचायला मी शिकलो ते जमिनीपायी. वडील गेल्यावर वारसा लावताना शेताचा उतारा हातात आला, सगळा कन्नडमध्ये. आधी कुणाकुणाकडनं वाचून घेतला, मग त्याचीही लाज वाटली. चाळिशीत मुलीचं पहिलीचं पुस्तक घेऊन बसलो. आधी वडिलांचं नाव ओळखू आलं, मग गावाचं, मग क्षेत्र, मग पीक. आता बसच्या पाट्या वाचतो, लग्नपत्रिका वाचतो, वर्तमानपत्रातली मोठी अक्षरं वाचतो. तमिळ सिनेमातही 'नान', 'नी', 'इल्लै' असे शब्द आले की कन्नडचे सख्खे भाऊ भेटल्यासारखं वाटतं. वहीचं ते मधलं पान आज समोर आलं असतं तर अडखळत का होईना, सगळं वाचलं असतं. पण ते पान त्या मुलीनं कुठं टाकलं, फाडलं की चुलीत घातलं, कुणाला विचारायचं?

यंदा मार्चमध्ये शेजारीण माहेरी आली होती. धारवाडला आमची मिरची मिळत नाही असं नाही, पण तिला इथूनच चटणी न्यायची असते. सोप्यात पोतं उपसलं होतं. तिकडं ती, इकडं माझी बायको, मध्ये मी. टीव्हीवर त्या दोघींची मालिका चालू होती. जाहिराती लागल्या तसं मी देठ खुडत, फार साध्या आवाजात विचारलं, "ती चिठ्ठी आठवती काय गं? काय लिहिलं होतंस त्यात?"

"कुठली चिठ्ठी?"

तिनं माझ्याकडं बघितलंही नाही. पुढची मिरची घेतली, देठ खुडलं, पाटीत टाकली. मग आणखी एक. मी मोजत होतो. बायकोनं विचारलं, "कसली हो चिठ्ठी?" मी काहीतरी बोलायला गेलो, चष्मा घसरला, तो सावरताना बोट गेलं ते थेट डोळ्यात.

पुढं मला काही दिसलं नाही. बायको "अहो, अहो" करत होती आणि शेजारीण इतकी हसत होती की तिला ठसका लागला. हसत हसतच ती आत पळाली, तांब्या घेऊन आली, माझी मान खाली दाबली आणि डोळ्यावर पाणी मारत बायकोला म्हणाली, "वहिनी, हा तीस वर्षं देठं खुडतोय. अजून कळत नाही बघा याला."