किती दिवस ठेवायचं?

हॉस्टेलमध्ये कुणी जरा वेगळं वागलं की लगेच आवाज येतो, "हिला येरवड्याला पाठवा गं!" सगळ्या हसतात. मला नाही हसू येत. माझा मामा मानसोपचार वॉर्डात राहून आलाय.

तो अॅडमिट झाला तेव्हा घरात एकच वाद. आजी म्हणायची, "ठेवा सहा महिने, पूर्ण बरा होऊनच येऊ दे." मामीचं म्हणणं, "लवकर आणू या, नाहीतर नोकरी जाईल." कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला सगळं शिकवलं, हे सोडून! मग मीच वाचायला बसले.

२०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो की पेशंट स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल, तर त्याच्या प्रतिनिधीच्या अर्जावर एका वेळी जास्तीत जास्त ३० दिवस ठेवता येतं. पुढे ठेवायचं तर दोन मानसोपचारतज्ज्ञांची तपासणी आणि मंडळाची परवानगी लागते. घरचे नेत नाहीत एवढ्याच कारणासाठी तर कुणालाही आत ठेवता येत नाही. २०१४ मध्ये कोक्रेनने सहा जुन्या चाचण्यांचा आढावा घेतला. त्यात थोडे दिवस राहिलेले पेशंट जास्त वेळा परत भरती झाले, असं काही दिसलं नाही.

डॉक्टरांनीही आजीला हेच समजावलं. "आजी, जिवाला धोका असेपर्यंत आणि औषधाचा डोस बसेपर्यंत हॉस्पिटल. बाकीचं बरं होणं घरीच, महिनोन्‌महिने." पण लवकर सोडणं म्हणजे वाऱ्यावर सोडणं नव्हे. गोळ्या कोण देणार, पुढची तपासणी कधी, हे सगळं त्यांनी लिहून दिलं.

बाविसाव्या दिवशी मामा घरी आला. कामावर गेला तर मालक म्हणाले, "अजून महिनाभर राहिला असतात तर बरं झालं असतं." शेजारच्या काकूंनी पोरांना आमच्याकडे पाठवणं बंद केलं.

मामा एकदा मला म्हणाला, "आतले दिवस मोजून दिले होते गं. बाहेर लोक किती दिवस असं बघणार, ते कोण सांगणार?"

मैत्रिणींनो, मित्रांनो, म्हणून एकच सांगायचंय. आपल्या विंगमधलं कुणी महिनाभर गायब होऊन परत आलं, तर कुजबुज नको. मेसमध्ये शेजारी जागा ठेवा, राहिलेल्या जर्नल्स उतरवायला द्या. डिस्चार्ज कार्डावर सही डॉक्टर करतात, पण पुढची ट्रीटमेंट आपल्याच हातात असते.