कारगिलची थंड पहाट

श्रीनगर सोडून साडेतीन हजार मीटर उंचीचा झोजिला ओलांडला की द्रास लागते आणि पुढे कारगिल. ऑक्टोबरअखेर आम्ही कारगिलला मुक्कामाला होतो. फजरची अजान होई तेव्हा गाड्यांच्या काचांवर हिमाचा पांढरा थर असे. द्रासला तर हिवाळ्यात पारा उणे २० च्याही खाली जातो.

आमचे ड्रायव्हरचाचा चावी अर्धी फिरवून थांबत. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. ग्लो प्लगचा दिवा विझला की मगच ते बिस्मिल्लाह म्हणून स्टार्टर मारत. थंडीत ऑइल घट्ट होते, सगळीकडे पोहोचायला त्याला वेळ लागतो. म्हणून मिनिटभर इंजिन चालू ठेवायचे आणि पहिले काही किलोमीटर हलक्या पायाने जायचे. उभ्या गाडीत इंजिन लवकर तापत नाही, डिझेल मात्र जळते. कडाक्याच्या थंडीत साध्या डिझेलमधले मेण गोठून फिल्टर तुंबतो. त्यासाठी २०१९ पासून लडाखात उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे खास डिझेल मिळते.

चाचांचा एक नियम कडक होता: बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू करायचे नाही, मुलांना ऊब मिळावी म्हणून तिथे गाडीत बसवायचे नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही; झोपेतच माणूस जातो.

महाबळेश्वरच्या थंडीत गाडीचे एवढे लाड करावे लागत नाहीत. पण गॅरेजचे दार आधी उघडायचे, हे तिथेही विसरू नये.