साकागो

पायाळू बाळाला जपानीत ‘साकागो’ म्हणतात, म्हणजे उलटं मूल. चौतिसावा आठवडा लागला तरी आमचं बाळ डोकं वर करून निवांत बसलेलं. मग उपाय सुरू झाले. गुडघे नि छाती गादीला टेकवून कंबर वर धरायची, हा ‘साकागो ताइसो’ नावाचा व्यायाम. पायाच्या करंगळीच्या नखाशी शेक, तोही आपल्या दवण्याच्या जातकुळीतल्या योमोगीच्या पाल्याचा. पाय गार राहिले की बाळ फिरत नाही, ही इथली समजूत. म्हणून शेजारच्या काकूंनी लोकरी मोजे आणून दिले.

माणसं प्रेमळच हो! पण सगळे उपाय करायचे बायकोने. त्यामुळे दर तपासणीला बाळ तसंच दिसलं की आपलंच काहीतरी कमी पडतंय, असं तिच्या मनाने घेतलं. वास्तविक दिवस पूर्ण भरल्यावरही शंभरात तीन-चार बाळं अशीच असतात आणि बहुतेकदा कारण सापडत नाही. 2000 साली ‘लॅन्सेट’मध्ये एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले, तेव्हापासून अशा वेळी ठरवून सिझेरियन करण्याकडे जगभर कल वाढला. आम्हालाही तारीख मिळाली. हे सगळं मी तिला आकड्यांनिशी समजावलं. उपयोग शून्य.

मग साताऱ्याहून तिच्या आजीचा फोन आला. “पायाळू हाय व्हय? बरं झालं की! माझ्या पाठीत उसण भरली की लाथ मारायला घरचंच माणूस!”

बायको कितीतरी दिवसांनी खळखळून हसली. पायाळूवर वीज पडते म्हणतात, ते मात्र आजीने काढलं नाही.