मोठ्या मनाचा

परवा ऑफिसात एका सीनियरचं फेअरवेल होतं. सह्यांचं कार्ड फिरत फिरत माझ्या डेस्कवर आलं. मी झटकन लिहिलं, 'यू आर सो जनरस!' आणि थांबलो.

जनरस तर तो होताच. महिनाअखेरीला सगळ्यांचा चहा-वडापाव त्याच्याच खिशातून. पण मला आठवत होतं भलतंच. गेल्या वर्षी त्याची आयडिया मी मीटिंगमध्ये स्वतःची म्हणून खपवली होती. त्याला कळलं. तो बॉसकडे गेला नाही, मला टोमणाही मारला नाही. उलट पुढच्या प्रोजेक्टला मलाच सोबत घेतलं.

अशा माणसासाठी इंग्रजीत वेगळा शब्द आहे, मॅग्नॅनिमस. लॅटिनमध्ये मॅग्नस म्हणजे मोठा, अ‍ॅनिमस म्हणजे मन. अरे, हा तर आपला 'मोठ्या मनाचा'! नुसती पार्टी दिली म्हणून तो कुणाला लावत नाहीत. हिशेब चुकता करायची संधी असूनही जो सोडून देतो, त्याचा हा शब्द.

मी 'जनरस' खोडून 'मॅग्नॅनिमस' लिहिलं. खाली फक्त 'सॉरी'. वर्षभर उशिरा.

कार्ड वाचून तो हसला. म्हणाला, "स्पेलिंग चुकलंय रे!"